परिचारिकांचा ताण आणि आत्मसंयमाचे प्रशिक्षण

देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातील आणि सीमेपलीकडील बालाघाटचे रुग्ण उपचारासाठी गोंदिया शहर गाठतात. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय असो वा बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय, त्यांच्या वेदनेला आणि नातेवाइकांच्या संतापाला प्रथम सामोरी जाते ती परिचारिका. आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो. धर्मभगिनीसाठीही हाच शब्द. म्हणूनच की काय, तिने कधी चिडू नये असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीतक तिच्या शरीराला महाग पडते. तणावाच्या क्षणी नाडी वाढते, रक्तदाब चढतो. प्रसंग सरला की शरीर पूर्ववत होते. परंतु वॉर्डात एक प्रसंग सरण्याआधी दुसरा उभा राहतो, आणि रात्रपाळीने झोप मोडलेली असते. मग डोकेदुखी, आम्लपित्त, निद्रानाश सुरू होतात.

यावर आत्मसंयम हा उपाय सांगितला जातो. पण आत्मसंयम म्हणजे राग गिळणे नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेसारखी विदारक दृश्ये दाखविली होती. ज्यांना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्यास सांगितले होते, ते वरून शांत दिसले, पण त्यांच्या शरीरातील ताण वाढला. ज्यांनी दृश्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, त्यांना मुळात घृणा कमी वाटली. आजच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे: भावना वेळीच ओळखावी, श्वास संथ करावा, आणि ‘हा माणूस माझा अपमान करीत आहे’ याऐवजी ‘हा बाप घाबरला आहे’ असे प्रसंगाकडे पाहावे.

आपणा कॅथलिकांना ही वाट अपरिचित नाही. संत इग्नाती लोयोला यांच्या, १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता लाभलेल्या, ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण सांगितले आहे. शिवाय ज्या दोषाशी आपली झुंज चालू आहे तो घडताच हात छातीवर ठेवावा. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही. वॉर्डात याहून सोपी साधना कोणती? परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिल्लस (१५५०–१६१४) हेदेखील पूर्वाश्रमी जुगारी आणि तापट शिपाई होते.

मात्र प्रशिक्षणाच्या मर्यादा स्पष्ट असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला रोग म्हटले नाही, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले, त्याचे मूळ कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या तणावात आहे. रिक्त पदे न भरता, सलग रात्रपाळ्या न टाळता केवळ श्वासाचे धडे देणे म्हणजे दोष परिचारिकेच्याच माथी मारणे होय. प्रेषित दमले तेव्हा प्रभूने त्यांना एकांती नेऊन विसावा घ्यावयास सांगितले (मार्क ६:३१), अधिक सोसावयास नव्हे.

झोप अनेक दिवस लागत नसेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर प्रार्थनेबरोबर वैद्यकीय तपासणीही करावी. मन मोकळे करण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य शासकीय सेवा उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.