नासा ते मस्तिष्क : गर्भस्थ चेतापेशींचा प्रवास आणि त्यांचे रेणुरूप मार्गदर्शक

नासा आणि शिर यांचा निकट संबंध नस्यकर्मामुळे आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. गर्भावस्थेत हा संबंध आणखी एका, सहसा चर्चिल्या न जाणाऱ्या मार्गाने जुळतो. प्रजननाचे नियमन करणाऱ्या चेतापेशी मुळात मेंदूत उत्पन्न होत नाहीत. त्या गर्भाच्या नासास्थानी उत्पन्न होतात आणि तेथून सरकत सरकत मेंदूत पोहोचतात. हा प्रवास कसा घडतो व तो अर्धवट राहिल्यास आपल्या चिकित्सालयात कोणत्या स्वरूपात समोर येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पेशींचे स्थलांतर

या चेतापेशी ‘गोनॅडोट्रॉपिन रिलीझिंग हॉर्मोन’ म्हणजेच जीएनआरएच हे संप्रेरक स्रवतात. त्याच्या प्रेरणेने पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही संप्रेरके स्रवतात आणि वृषण किंवा बीजकोश कार्यान्वित होतात. मूषकाच्या मेंदूत या पेशींची संख्या अवघी ८०० च्या आसपास असते. एवढ्या मोजक्या पेशी वाटेत अडल्या तर पुढची सारी साखळी स्तब्ध होते. त्यांचे उगमस्थान नाकात आहे, हे १९८९ साली मूषकांच्या गर्भांवरील अभ्यासातून स्पष्ट झाले. मानवी गर्भात हा प्रवास साधारणतः सहाव्या आठवड्यात सुरू होतो.

मार्ग कोण दाखवितो?

पेशी आपल्या अग्रभागी एक बारीक तंतू पुढे काढते. त्या तंतूवरील ग्राही-प्रथिने भोवतालचे रेणू ओळखतात. ज्या दिशेस आकर्षक रेणूचे प्रमाण अधिक, त्या दिशेस पेशीचा अंतर्गत सांगाडा लांबतो. मागाहून केंद्रक ओढले जाते. अपकर्षक रेणू असेल तर तंतू आखडतो व दिशा बदलतो. म्हणजे रेणू पेशीला वाहून नेत नाही, केवळ दिशा सुचवितो. चालणे पेशीचेच असते.

जीएनआरएच पेशींना याखेरीज एका आधाराची आवश्यकता असते. नाकातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू त्यांना दोराप्रमाणे उपयोगी पडतात. त्या तंतूंना धरून पेशी चाळणीसारख्या छिद्रयुक्त अस्थिपटलातून मेंदूत शिरतात. एसडीएफ-१ हा रेणू त्यांना पुढे आकर्षित करतो. सेमाफोरिन ३ए मुळे तंतूंची मांडणी योग्य राहते. मूषकात या संदेशाचा मार्ग बंद केल्यास तंतू भरकटतात आणि पेशी नाकातच अडकतात. गाबा हा रेणू त्यांच्या गतीस आवर घालतो. अनोस्मिन-१ हे प्रथिन पेशींबाहेरील अवकाशात राहून घ्राणतंतूंच्या वाढीस साहाय्य करते.

प्रवास खंडित झाल्यास

अनोस्मिन-१ चे जनुक एक्स गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९१ साली लागला. त्यात दोष असल्यास घ्राणतंतू मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत, घ्राणकंद नीट घडत नाही आणि दोरच नसल्याने जीएनआरएच पेशीही मागे राहतात. असा दोष असलेल्या १९ आठवड्यांच्या एका मानवी गर्भाचे परीक्षण १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात या पेशी नाकात व मेंदूच्या आवरणांत थांबलेल्या आढळल्या. मेंदूत त्या नव्हत्या.

गंधज्ञानाचा अभाव आणि यौवनागमाचा अभाव ही दोन लक्षणे एकत्र का येतात, याचे उत्तर येथे मिळते. फ्रान्झ काल्मन व सहकाऱ्यांनी १९४४ साली काही कुटुंबांत ही जोडी नोंदविली, म्हणून या व्याधीस काल्मन सिंड्रोम म्हणतात. पुढे एफजीएफआर-१ आदी अन्य जनुकांतील दोषही त्यास कारण ठरतात असे आढळले. येथे बीजभागावयव-दुष्टीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोन्ही संकल्पना एकच, असे समीकरण घाईने मांडू नये.

चिकित्सकांसाठी

चौदाव्या वर्षापर्यंत मुलाच्या वृषणांची वाढ सुरू न होणे किंवा तेराव्या वर्षापर्यंत मुलीची स्तनवृद्धी सुरू न होणे, हे तपासणीयोग्य लक्षण होय. अशा रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारावा : “तुला वास येतो का?” जन्मतः गंध न जाणणारा रुग्ण आपण होऊन तक्रार करीत नाही, कारण गंध म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते. डोळे मिटवून, एकेका नाकपुडीने वेलची, कॉफी, जायफळ हुंगावयास द्यावे. कापूर किंवा पुदिन्याचा अर्क वापरू नये. त्यांची झणझण निराळ्या चेतेने कळते व परीक्षा फसते. जीर्ण प्रतिश्याय व नासार्श यांचा विचार आधी करावाच. वृषण खाली न उतरणे, एकच वृक्क असणे, एका हाताच्या हालचालीबरोबर दुसराही हात तसाच हलणे, मामांना अपत्य नसणे, हे मुद्देही विचारात घ्यावेत.

या रुग्णांत वृषण किंवा बीजकोश मुळात निकामी नसतात. त्यांना आज्ञाच पोहोचलेली नसते. म्हणून योग्य संप्रेरक-चिकित्सेने यौवनलक्षणे प्रकट होतात आणि अनेकांना अपत्यप्राप्तीही होते. उलट, निदान लांबले तर अस्थींची घनता घटते आणि ऐन तारुण्यातील वर्षे न्यूनगंडात जातात. गर्भावस्थेत न घडलेला मार्ग नस्याने वा वाजीकरण योगांनी पुढे तयार होतो, असा पुरावा नाही. त्यामुळे एलएच, एफएसएच व टेस्टोस्टेरॉन (मुलींत इस्ट्रोजेन) यांची तपासणी करवून रुग्णास अंतःस्रावतज्ज्ञाकडे पाठविणे हेच उचित. बल, अग्नी व मनोबल यांसाठी आपली चिकित्सा सोबत चालू ठेवता येईल.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. दाढी-मिशी न फुटलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण दर महिन्यास वाजीकरणाची बाटली नेत असेल, तर पुढची बाटली देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे. त्या तरुणास बाटलीपेक्षा निदानाची गरज अधिक आहे.