बिअर करणं म्हणजे भांडी घासणं!

शीर्षक वाचून रेक्टर मॅडमच्या भुवया उंचावल्या असतील, म्हणून आधीच सांगून टाकते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाईन किंवा बिअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये तर असला विचारही नको. त्यामुळे ही रेसिपी नाही. हा लेख आहे स्वच्छतेबद्दल, आणि त्या विषयाची आपल्या हॉस्टेलला गरज नाही असं मेसमधल्या मावशीसुद्धा म्हणणार नाहीत!

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही. दादाला हा छंद लागला तेव्हा मला वाटलं, काय मजेचं काम असेल! फोनवर विचारलं तर म्हणाला, "अगं, दिवसभर भांडीच घासतो." मी केमिकलची स्टुडंट, मला हे काही पटेना. मग वाचायला लागले, आणि गाडी थेट लुई पाश्चरपर्यंत गेली.

१८५६ साली पाश्चर फ्रान्समधल्या लील शहरात प्रोफेसर होता. बीटापासून अल्कोहोल करणारा एक कारखानदार त्याच्याकडे तक्रार घेऊन आला, की काही टाक्यांमधला माल आंबट होऊन वाया जातो. पाश्चरने मायक्रोस्कोपखाली पाहिलं. चांगल्या टाकीत यीस्टचे गोल गोल गोळे होते, बिघडलेल्या टाकीत त्याहून खूप लहान, काड्यांसारखे जीव होते. म्हणजे माल आपोआप नासत नव्हता, तर बिनबोलावलेले पाहुणे येऊन जेवून जात होते. पुढे त्याने वाईनवर १८६६ मध्ये आणि बिअरवर १८७६ मध्ये पुस्तकं लिहिली. दुधाच्या पिशवीवरचा 'पाश्चराइज्ड' हा शब्द त्याच्याच नावावरून आलाय.

आता मुद्द्याचं. क्लीनिंग आणि सॅनिटायझिंग ही दोन वेगळी कामं आहेत. क्लीनिंग म्हणजे डोळ्यांना दिसणारी घाण काढणं. सॅनिटायझिंग म्हणजे न दिसणारे जंतू इतके कमी करणं की ते त्रास देऊ शकणार नाहीत. पहिलं केल्याशिवाय दुसरं होतच नाही. भांड्याला चिकटलेल्या थराखाली जंतू आरामात बसतात, वरून कितीही महागडं केमिकल ओता. आपल्या आज्यांना हे पाश्चर न वाचता ठाऊक होतं. लोणच्याची बरणी आधी घासायची, मग कडक उन्हात वाळवायची, मग हिंगाची धुरी द्यायची. क्रम बघा, धुरी शेवटी!

सॅनिटायझिंगमध्ये सगळेच्या सगळे जंतू मरत नाहीत. मग उपयोग काय? इथे आपलं इंजिनिअरिंग मॅथ्स कामाला येतं. समजा एका जातीचे बॅक्टेरिया दर तासाला दुप्पट होतात. भांड्यात १००० शिल्लक होते, त्यातले ९९.९ टक्के मारले, उरला १. त्या एकाला परत हजारावर जायला दहा तास लागतात, कारण दोनाचा दहावा घात १०२४. हे दहा तास म्हणजे यीस्टला मिळालेली आघाडी! दादा २० लिटरच्या बादलीत यीस्ट टाकतो ते दर मिलिलिटरला साधारण १ कोटी पेशी, म्हणजे एकूण २० हजार कोटी. तेवढ्या वेळात ही फौज साखर खायला लागते, अल्कोहोल आणि आम्लता वाढवते आणि पाहुण्यांना ताटच उरत नाही.

बिअर करताना मॉल्टचं गोड पाणी तासभर उकळतात. त्या पातेल्याचं सॅनिटायझिंग करायची गरज नसते, उकळी ते काम करते. खरा धोका ते पाणी २० डिग्रीच्या आसपास थंड झाल्यावर सुरू होतो. त्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे बादली, झाकण, नळी, तोटी, थर्मामीटर, बाटल्या, सॅनिटाइझ झालेली हवी. तोटी तर सुटी करूनच धुवावी लागते. प्लॅस्टिकची बादली तारेच्या घासणीने घासायची नाही, कारण प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंना फुकटचं हॉस्टेल! वाईनचा रस सहसा उकळत नाहीत, म्हणून त्यात सल्फाइटची गोळी टाकून एक दिवस थांबतात आणि मग यीस्ट घालतात.

सॅनिटायझर कोणता? फॉस्फरिक अॅसिडवाला असेल तर एक-दोन मिनिटं भांडं ओलं ठेवायचं, नंतर धुवायचं नाही. आयोडीनवाला असेल तर प्रमाण १२.५ पीपीएम. रंग उडाला की त्याचा जोर संपला असं समजायचं. ब्लीच स्वस्त आहे, पण नीट धुतलं गेलं नाही तर त्यातलं क्लोरीन बिअरमधल्या फिनॉल्सना चिकटतं आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. शिवाय ते स्टीलला खातं. कोणतंही वापरा, डबीवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ पाळायची. 'थोडं जास्तच टाकूया' हा मेसमधल्या मिठाचा नियम इथे चालत नाही.

हे सगळं नाही पाळलं तर? बहुतेक वेळा माल आंबट होतो किंवा हवा लागून त्याचा व्हिनेगर होतो. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्समुळे तयार बिअरमध्ये रोगाचे जंतू सहसा वाढत नाहीत. पण काही रानटी यीस्ट उरलेली साखरसुद्धा खातात, बंद बाटलीत गॅस साठतो आणि काचेची बाटली अक्षरशः फुटते. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. तो प्रकार भांडी न धुतल्याचा नव्हता, ते मिथेनॉल होतं. मिथेनॉल हे विष आहे, जंतू नाही. जगातला कुठलाही सॅनिटायझर त्याला काढू शकत नाही आणि चवीवरून ते ओळखूही येत नाही. त्यामुळे कोणी कितीही 'घरची आहे, सेफ आहे' म्हटलं तरी हात जोडायचे.

आता आपल्या कामाचं. पाण्याची बाटली आपण 'पाणीच तर असतं' म्हणून महिनोन्‌महिने नुसती खळखळवतो. आतून बोट फिरवून बघा. जो बुळबुळीत थर लागतो तो बायोफिल्म, बिअरच्या नळीत होतो तोच. त्याला साबण आणि ब्रश पाहिजे, झाकणातलं रबर काढून धुवायला पाहिजे. मग स्टीलची असेल तर उकळतं पाणी, आणि शेवटी उलटी करून पूर्ण वाळवणं. दुसरं म्हणजे बाथरूम धुताना टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. अॅसिड आणि ब्लीच मिळून क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्या बाथरूमची खिडकी केवढी आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

थोडक्यात काय, तर आधी घासा, मग जंतू मारा, आणि घाई करू नका. यीस्ट असो वा आपलं पोट, दोघांनाही थोडी आघाडी मिळाली की बाकीचं ते बघून घेतात!