कमरेवरची काळी रेघ

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून काम करायचे, तर लुगडे करकचून बांधावेच लागते. गोंदिया-भंडाऱ्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या कमरेवर त्याची काळी रेघ दिसते. तो आजार आहे असे कुणाला वाटत नाही, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो नसतोही. मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये कमरेवरच्या घट्ट गाठीखाली कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची हकिगत मांडली. सत्तरीच्या एकीच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी चाळीस वर्षे लुगडे नेसणारी. तिचा कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

बातम्यांनी याला ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हटले, जणू नवाच शोध! टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेतून डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. रोगी काय नेसतो, तंबाखू कसा घेतो, हे विचारल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा बोलत नाही, हे खानोलकरांनी ओळखले होते.

एकाच जागी घर्षण आणि घाम होत राहिला की कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. प्रत्येक वेळी पेशींना डीएनएची नवी प्रत काढावी लागते. हाताने पुन्हा पुन्हा उतरवलेल्या सातबाऱ्यात कधीतरी चूक शिरते, तसेच इथे होते. भाजल्याच्या जुन्या व्रणांतही हाच धोका असतो.

म्हणून कातडी अधूनमधून तपासावी. पण त्वचा तपासण्याचे पाश्चात्त्य तक्ते गोऱ्या अंगावरच्या तिळांभोवती फिरतात. सावळ्या माणसाने आधी तळपाय, तळहात आणि नखे पाहावीत. मेलॅनोमा हा कातडीचा दुसरा कर्करोग आपल्याकडे अनेकदा तिथेच उगवतो: तळव्यावर पसरत जाणारा काळा डाग किंवा नखाखाली रुंदावणारी काळी पट्टी. चिखलात अनवाणी राबणाऱ्या पायांकडे तर कुणी निरखून पाहतच नाही. मग कंबर, जुने व्रण. पाठ घरच्या माणसाकडून. गावात आशाताई कुष्ठरोगाचे चट्टे शोधतात, तेव्हा न भरणारी जखमही त्यांना दाखवावी.

महिनाभरात जखम भरली नाही, कडा जाड झाल्या किंवा रक्त येऊ लागले, तर मलमे बदलत बसू नये. जखमेचा तुकडा तपासून घ्यावा. नाडा रुंद घ्यावा, गाठ सैल ठेवावी, तिची जागा बदलावी. कातडीपुरताच असलेला हा रोग बहुधा शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येतो.