भिवंडी : दोन दंगली आणि एक न झालेली

६ डिसेंबर १९९२ नंतरच्या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू. त्याच दिवसांत ठाण्यापलीकडच्या भिवंडीत मात्र जातीय दंगलीत कोणी मेले नाही. भिवंडीचा आधीचा लौकिक ज्यांना ठाऊक होता, त्यांचा यावर विश्वास बसणे अवघडच होते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलेली दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोचली होती, आणि मे १९८४ मध्ये पुन्हा भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक बळी गेले होते. ज्यांचे देव, सण, खाणेपिणे आणि लग्नाचे कायदेसुद्धा वेगळे आहेत असे समाज शेजारी शेजारी शांतपणे राहू शकतात का, हा प्रश्न आपण सहसा धर्मग्रंथ उघडून सोडवायला बसतो. त्यापेक्षा भिवंडीची ही बावीस-तेवीस वर्षे तपासणे अधिक उपयोगाचे आहे. गाव तेच, वस्त्या त्याच, श्रद्धाही त्याच होत्या. तरी दोनदा गाव पेटले आणि तिसऱ्यांदा, सगळा देश पेटलेला असताना, पेटले नाही.

यावर सर्वांत लोकप्रिय उत्तर व्यापाराचे आहे. पोट एकमेकांवर अवलंबून असले की माणसे भांडत नाहीत, असे म्हणतात. भिवंडी या उत्तराला दाद देत नाही. इथे कोकणी मुसलमान जुने रहिवासी. यंत्रमागांमुळे उत्तर प्रदेशातले मोमीन-अन्सारी विणकर आले, तेलंगणातले पद्मशाली आले. सुताचा आणि कापडाचा व्यवहार बराचसा गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांकडे राहिला. भोवतालच्या गावांत आगरी समाज. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मजुरी तिसऱ्याची. याहून घट्ट परस्परावलंबन कागदावरसुद्धा आखता येणार नाही. पण ते १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही. ते दंगल थांबवू शकले नाही, कारण तो संबंध पेढीवरचा होता. शेठ आणि कारखानदार एकमेकांना ओळखत. त्यांच्या गल्ल्यांतली पोरे ओळखत नव्हती. रात्री अकराला ‘त्यांनी आपल्या माणसाला मारले’ अशी अफवा आली, तर ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या वस्तीत ज्याच्याकडे जावे असे कोणी नव्हते.

१९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. मिरवणुकीच्या आयोजकांवर आयोगाने दंगलीच्या तात्कालिक कारणाचा ठपका ठेवला आणि पोलिसांच्या पक्षपातावरही कोरडे ओढले. आपल्याकडे अशा अहवालांचे जे होते तेच याचे झाले. चौदा वर्षांनी तेच गाव पुन्हा जळले.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी केलेली गोष्ट ऐकायला अगदी किरकोळ वाटते. शांतता समित्या पूर्वीही असत. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात आमदार, वकील, मौलवी, डॉक्टर अशा ‘प्रतिष्ठितांना’ बोलवायचे, चहा पाजायचा आणि सगळे शांत राहतील असे वदवून घ्यायचे. खोपडे यांनी गावाचे मोहल्ले पाडून सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान जवळपास सारखे घेतले, आणि प्रतिष्ठितांपेक्षा माग चालवणारे, दुकानदार, मजूर अशा माणसांना बसवले. बैठक फक्त सणासाठी नव्हती. नळाचे पाणी, गटार, उधारी, पोरांची मारामारी, जे त्या गल्लीत चालले असेल ते तिथे निघे, आणि पोलीस अधिकारी समोर बसलेला असे. देव एक आहे की अनेक, मशिदीसमोर वाजवावे की नाही, यावर कोणाचे मत बदलले असेल असे मानायला काहीच आधार नाही, आणि या उपक्रमाची ताकद मला नेमकी त्यातच दिसते. श्रद्धेवर एकमत घडवायचा हट्ट कोणी धरला नव्हता. गटारावरून भांडता भांडता पलीकडच्या वस्तीतल्या पंचवीस माणसांची नावे माहीत झाली होती, आणि डिसेंबर १९९२ मध्ये अफवा आली तेव्हा ती खरी का खोटी हे विचारायला ती नावे उपयोगी पडली. तोवर खोपडे यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी कमिट्या मोडू दिल्या नाहीत. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच या साऱ्या मागोव्याचा प्रश्न आहे.

एका गावावरून सिद्धान्त काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात १९५० ते १९९५ या काळातील दंगलींचा हिशेब मांडला, तोही याच दिशेने जातो. देशातल्या दंगलबळींपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास बळी अवघ्या आठ शहरांत गेले, आणि खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. खेड्यातला माणूस शहरातल्यापेक्षा उदार असतो असे कोणी म्हणणार नाही. जातीच्या प्रश्नावर तर नाहीच. फरक इतकाच की खेड्यात एकमेकांना रोज तोंड द्यावे लागते. लाख-दोन लाख वस्तीच्या गावात ते आपोआप होत नाही, तिथे बैठक मुद्दाम घालावी लागते. वार्ष्णेय यांनी अलीगढशी तुलना केलेल्या कालिकतमध्ये ही बैठक व्यापारी संघटना, कामगार संघटना आणि वाचनालये यांनी घातली होती. भिवंडीत ती पोलिसांनी घातली.

याहून टोकदार आक्षेप पॉल ब्रास यांच्यासारखे अभ्यासक घेतात. दंगल आपोआप होत नाही, ती घडवली जाते, आणि घडवणाऱ्यांना ती हवी असेल तर गल्लीतल्या कमिट्या काय करणार? मुंबईचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. श्रीकृष्ण आयोगाने शिवसेनेच्या भूमिकेबद्दल आणि पोलिसांच्या वागण्याबद्दल जे लिहिले, ते वाचून कोणालाही सगळा दोष ‘दोन समाजांतील गैरसमजा’वर टाकता येणार नाही. तरीही हा आक्षेप भिवंडीचे कोडे सोडवत नाही. भिवंडीवर सरकार तेच होते, पक्षही तेच. घडवणाऱ्यांना गल्लीत हात हवे असतात, आणि पोलिसांची डोळेझाक हवी असते. मोहल्ला कमिटीने दोन्ही अवघड केले. ज्या फौजदाराने वर्षभर अन्सारी विणकरांशी पाण्याच्या नळावरून वाद घातला आहे, त्याला बंदोबस्ताच्या रात्री ती वस्ती म्हणजे नुसता ‘संवेदनशील भाग’ वाटत नाही. शेजारी तर बदललाच, पण खात्यातला माणूसही बदलला, आणि मादन आयोगाचा अहवाल वाचलेल्याला यातला दुसरा बदल मोठा वाटेल.

उपक्रमाचे दुबळेपणही तिथेच आहे. जे अधिकाऱ्याने उभे केले ते अधिकाऱ्याच्या बदलीवर टांगलेले राहते. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात दोघे मेले, त्याच रात्री दोन पोलीस शिपायांना ठार मारण्यात आले. हिंदू-मुसलमान दंगलीत त्याचे रूपांतर झाले नाही, हे खरे. पण पोलिसांनीच घातलेल्या बैठकीत पोलीसच वादातला पक्ष झाला की कोणाकडे जायचे, याची सोय तिच्यात नव्हती. मुंबईत १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहल्ला कमिट्यांना विश्वस्त संस्थेचा आधार दिला, तो या दृष्टीने शहाणपणाचा होता. राज्य सरकारने मात्र २००७ मध्ये तंटामुक्तीची मोहीम काढली ती गावांसाठी. तिचे हेतू अधिक व्यापक होते हे मान्य. पण जातीय हिंसेचे चार टक्के जिथे, तिथे बक्षिसे आणि उरलेले जिथे, तिथे पुन्हा सणापुरती शांतता समिती, हा क्रम माझ्या पचनी पडलेला नाही.

आजच्या भिवंडीत मागांची खडखड उतरणीला लागली आहे आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामे पसरली आहेत. १९८८ च्या कमिट्या मोहल्ल्यांवर उभ्या होत्या. माणूस जिथे काम करी त्याच्या जवळच राहत असे. गोदामात पाळीवर येणारा हमाल, कंत्राटी चालक, पाठीवर पार्सले घेऊन फिरणारा पोरगा यांचा मोहल्ला कोणता, हे त्यांच्या मुकादमालाही सांगता येत नाही. अफवा आता पेढीवरून किंवा नाक्यावरून न येता फोनवरून येते, आणि ती गल्लीच्या हद्दीत थांबत नाही. पुन्हा अशी बैठक घालायची तर ती गोदामाच्या फाटकाशी घालावी लागेल, आणि ती घालायला पोलिसांखेरीज दुसरे कोणी तयार आहे असे अजून तरी दिसलेले नाही.