दुधाच्या यंत्रात लाकडाचा लगदा

पिशवीतलं होमोजिनाइज्ड दूध कितीही तापवा, त्यावर जाड साय धरत नाही. डेअरीतल्या होमोजिनायझरने ते प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून दामटलेलं असतं. त्यात स्निग्धांशाचे कण फुटून बारीक होतात. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयटीटी रेयोनियर कंपनीत अल्बिन टर्बाक आणि सहकाऱ्यांनी याच यंत्रात पाण्यात कालवलेला लाकडाचा लगदा घातला. बाहेर आली दाट, दुधी खळ. शंभरात दोन भाग लगदा, बाकी सगळं पाणी; तरी वाटी उपडी केली तर सांडत नाही!

लगद्याचा एक तंतू साधारण 30 मायक्रोमीटर रुंद, केसापेक्षा बारीक. पण तो असतो जाड दोरखंडासारखा. तो उकलला की आतले नॅनोमीटरमध्ये मोजायच्या रुंदीचे सेल्युलोजचे धागे सुटे होतात आणि पाणी धरून ठेवतात.

उकलायला वीज मात्र भरमसाट लागे. टनामागे 27,000 युनिटपर्यंत, म्हणजे महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराची बावीस वर्षांची वीज. शिवाय फट तुंबायची ती वेगळीच. झाडापासून केलं म्हणून अशा मालाला हिरवा म्हणणं मला पटत नाही.

तोडगा निघाला स्वीडनमध्ये, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातलाच वाटतो. डाळ भिजवली की वाटायला सोपी जाते. तसा लगदा आधी एंडोग्लुकानेज या एन्झाइममध्ये मुरवायचा. सेल्युलोजच्या साखळ्या जिथे सैल असतात तिथेच ते कात्री लावतं; मग यंत्राला जोर कमी लावावा लागतो. विजेची गरज नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. 2011 साली स्टॉकहोमच्या इनव्हेंटिया संस्थेने दिवसाला 100 किलो क्षमतेचा प्रायोगिक कारखाना उभारला.

टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी 2006 साली रासायनिक वाटेने जेमतेम 3-4 नॅनोमीटरचे धागे सुटे केले. काम अव्वल; पण त्यात हायपोक्लोराइट लागतं, सांडपाण्याचा प्रश्न येतो. मला एन्झाइमचीच वाट जवळची वाटते.

एक अडचण मात्र सगळ्यांनाच छळते. खळ वाळवली की धागे पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात. म्हणून ती बहुतेकदा ओलीच पाठवावी लागते: दोन किलो मालासाठी 98 किलो पाण्याचं भाडं. कुणी हा माल पर्यावरणस्नेही म्हणून दाखवला, तर टनामागे वीज किती लागली आणि पाणी किती वाहून आणलं, हे दोन आकडे आधी मागा.