जनुकीय माहितीचे स्वामित्व

जनुकीय माहितीचे स्वामित्व : व्यक्तीच्या कोशिकांतील डीएनएच्या परीक्षणातून मिळणाऱ्या माहितीवर त्या व्यक्तीचा कोणत्या स्वरूपाचा अधिकार असावा, यासंबंधीचा नीतिशास्त्रीय व विधिविषयक प्रश्न. थोड्याशा लाळेवरून आनुवंशिक रोगांची संभाव्यता व वंशसंबंध कळू लागल्यापासून त्यास व्यावहारिक महत्त्व आले आहे.

शरीर ज्याचे, माहितीही त्याची, हे उत्तर प्रथमदर्शनी पुरेसे वाटते. न्यायालयांनी मात्र ते सरसकट स्वीकारलेले नाही. जॉन मूर या रक्तार्बुदाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये लॉस अँजेल्स येथे शस्त्रक्रियेने काढण्यात आली. तिच्यातील कोशिका प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेल्या कोशिकामालिकेचे एकस्व (पेटंट) १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठास मिळाले. मूर यांची त्यास संमती नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्यांचा मालकीहक्काचा दावा अमान्य केला. तथापि डॉक्टरने आपले संशोधनविषयक व आर्थिक हितसंबंध रुग्णास आधी सांगावयास हवे होते, असेही म्हटले. मालकी नाकारून संमतीचा अधिकार राखणारा हा निर्णय आजही वादग्रस्त आहे.

मालकीच्या कल्पनेची खरी अडचण वेगळीच आहे. घर किंवा जमीन एकाची असू शकते. जनुके मात्र रक्ताच्या नात्यात सामाईक असतात. हेन्रिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून १९५१ मध्ये बॉल्टिमोर येथे घेतलेल्या हेला कोशिकांचा जनुकसंच २०१३ मध्ये कुटुंबास न विचारता प्रसिद्ध करण्यात आला. लॅक्स १९५१ मध्येच निवर्तल्या होत्या. उघड झाली ती काही अंशी त्यांच्या हयात वंशजांचीही माहिती. त्याच वर्षी झालेल्या करारानुसार ही माहिती पाहू देण्याचा विचार करणाऱ्या समितीत कुटुंबीयांस स्थान मिळाले. याउलट, कॅलिफोर्नियातील जुन्या खुनांचा गुन्हेगार २०१८ मध्ये सापडला, तो दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या हौसेने दिलेल्या माहितीमुळे. येथे परिणाम इष्ट होता, एवढ्याने संमतीचा प्रश्न सुटत नाही.

शिवाय जी मालमत्ता, ती विकताही येते. दीड कोटींहून अधिक ग्राहकांची चाचणी केलेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा विक्रीस निघालेल्या मत्तेत ग्राहकांची जनुकीय माहितीही होती.

यूरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या विनियमात जनुकीय माहितीस विशेष संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या अधिनियमात माहिती गोळा करणाऱ्यास विश्वस्ताच्या भूमिकेत कल्पिले आहे, ही कल्पना मालकीपेक्षा अधिक समर्पक होय; मात्र जनुकीय माहितीचा स्वतंत्र वर्ग त्यात नाही आणि रक्तसंबंधीयांच्या सामाईक हिताचीही तरतूद नाही.