समासातले प्रश्न : कथात्म साहित्याचे स्वतंत्र संपादन

मराठी कथा-कादंबरीचे संपादन दीर्घकाळ नियतकालिके आणि प्रकाशनसंस्था यांच्या आश्रयाने चालत आले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथा' मासिकातून लेखकांशी चर्चा करण्याची आणि पुनर्लेखन सुचवण्याची जी शिस्त रुजवली, ती १९८२ मध्ये मासिक बंद झाल्यानंतरही मराठी संपादनाचा मानदंड मानली जाते. त्या शिस्तीमागे मात्र कथा छापण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार उभा होता. स्वतंत्र संपादक, म्हणजे कोणत्याही संस्थेत नोकरी न करता थेट लेखकाकडून मानधन घेऊन काम करणारा संपादक, या अधिकारापासून पूर्णतः वंचित असतो. त्याची सूचना टिकते ती केवळ तिच्यासोबत दिलेल्या कारणाच्या बळावर, आणि या कामाची सारी पद्धत याच वस्तुस्थितीतून घडते.

पहिले वाचन हाती लेखणी न घेता करायचे असते, कारण वाचक कुठे रेंगाळतो आणि कुठे पाने उलटू लागतो हे संपादकाला एकदाच, अनोळखी संहिता वाचतानाच कळू शकते. त्यानंतर तो वाचन-अहवाल लिहितो, ज्यात रचना, पात्रे आणि निवेदन यांविषयीची निरीक्षणे असतात. वाक्यांची डागडुजी आणि मुद्रितशोधन, म्हणजे अक्षरजुळणीतील चुका काढणे, हे टप्पे पुष्कळ नंतरचे. मराठीत ही तिन्ही कामे एकाच मानधनात आणि एकाच मुदतीत उरकण्याची अपेक्षा वारंवार केली जाते. ती घातक आहे, कारण पुढे गाळल्या जाणाऱ्या प्रकरणातील ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात जो वेळ जातो, तो कथानकाच्या विचारातूनच वजा होतो.

रचनेच्या पातळीवरचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे कालपट. प्रत्येक प्रकरणात कोणता ऋतू आहे, कोणत्या पात्राचे वय किती आहे आणि कोणती गोष्ट कोणाला ठाऊक आहे, याची नोंद ठेवली की वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळण्यापूर्वीच शोक करणारा मुलगा किंवा दहा महिन्यांचा पावसाळा सहज उघडा पडतो. दृष्टिकोनाचा, म्हणजे प्रसंग कोणाच्या जाणिवेतून दिसतो याचा, प्रश्न यापेक्षा नाजूक असतो. सुनेच्या मनातून चाललेल्या प्रसंगात सासूचा अव्यक्त हेतू अचानक सांगितला गेला, तर ती लेखकाची अनवधानाने झालेली उडी आहे की सर्वज्ञ निवेदकाची जाणीवपूर्वक केलेली योजना आहे, हे संपूर्ण संहिता पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

मराठीचे व्याकरणही येथे कथेचा भाग होते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतून प्रथमपुरुषी निवेदकाचे लिंग लगेच प्रकट होते, तर 'मी पाहिले', 'मला वाटले' आणि 'मी जाईन' या रचना ते झाकून ठेवतात. म्हणून निवेदकाचे लिंग गुप्त ठेवू पाहणाऱ्या कथेत याच रचनांची दाटी होऊन गद्य आखडते, आणि त्या गुप्ततेतून कथेला काय मिळते हे संपादकाला विचारावे लागते. दोन पात्रांमधील 'तुम्ही' मध्येच 'तू' झाला, तर तोही नात्यातील बदल आहे की नजरचूक, हा प्रश्न समासात नोंदवला जातो.

संवादांच्या बाबतीत संपादकाने विशेष संयम पाळावा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी प्रमाणलेखनाची चौकट घालून दिली असली, तरी मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पात्राला त्या चौकटीत बसवणे म्हणजे त्या पात्राचा आवाजच हिरावून घेणे होय. तपासायची असते ती सुसंगती; एकाच माणसाच्या तोंडी एकाच परिस्थितीत बोलीतील एका क्रियापदाची दोन रूपे आली असतील, तर लेखकाला, आणि बोली संपादकाची नसेल तर ती बोलणाऱ्या माणसालाही, विचारूनच निर्णय करावा.

स्वतंत्र संपादक पुष्कळदा स्वतःही लेखक असतो, आणि सहलेखकाला मदत करताना हेच त्याचे बळ आणि हाच त्याचा धोका ठरतो. कमकुवत परिच्छेद पाहताच तो स्वतःच्या शैलीत पुन्हा लिहून देण्याची ओढ प्रबळ असते. परंतु संगणकावरील दुरुस्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सोयीत एका बोटाने स्वीकारलेला तो परिच्छेद उरलेल्या लेखनात परका राहतो. त्याऐवजी 'या क्षणी तिला भावाचा राग आहे की स्वतःचा?' असा प्रश्न समासात लिहिला, तर लेखकाला आपल्याच सामग्रीकडे परत जावे लागते. अशा प्रश्नांतून येणारा दुसरा मसुदा अनेकदा संपादकाने मनात धरलेला उपाय बाजूला सारून तिसराच मार्ग काढतो, आणि तो मार्ग कथेतून उगवलेला असेल तर आपली सूचना विनातक्रार मागे घेणे हाही संपादनाचाच भाग आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्यापर्यंत मात्र संपादकाची नजर संहितेला सरावते आणि गळलेला शब्दही त्याचे मन आपोआप भरून वाचते. युनिकोडपूर्व टंकांतून रूपांतरित केलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरे बिघडलेली असतात, त्यामुळे ही अडचण आणखी वाढते. म्हणून अखेरचे मुद्रितशोधन ती कथा पूर्वी न वाचलेल्या व्यक्तीकडे सोपवावे, असे संपादकाने लेखकाला काम स्वीकारतानाच सांगून ठेवणे योग्य ठरते.